पुस्तकाचं झाड

शाळेची पुस्तकं सोडली तर आमच्या घरात विकत आलेलं पहिलं पुस्तक थेट देव्हाऱ्यात गेलं.

असोद्याला आमच्या अंगणात, मोरीच्या पाण्यावर, आईनं माहेराहून आणून लावलेली एक फांदी वाढत होती. झाड मोठं झालं, फूल मात्र नाही. माझे वडील, आबा, येता-जाता म्हणायचे, "तुया माहेरचं झाड! नुसतं पानी पेते." आई हसायची. माहेरची आजी गेली, तेव्हापासून हसेनाशी झाली. मी जळगावला कॉलेजात जायला लागले (घराण्यात पहिलीच!), तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, तठी फुलाईचं पुस्तक भेटते का व?"

दुकानातल्या शेठजींनी दोन पुस्तकं काढली. एक फुलं ओळखण्याचं, रंगीत चित्रांचं. दुसरं फुलझाडं वाढवण्याचं, बिनचित्रांचं.

"कोणतं फूल आहे?"

"तेच माहीत नाही."

"मग ओळखायचं न्या!"

घरी येऊन उघडलं. पहिलीच सूचना : आधी पाकळ्या मोजा. पाकळ्या! त्या असत्या तर मी पुस्तक कशाला आणलं असतं?

सकाळी बदलून आणायला निघाले, तर पुस्तक देव्हाऱ्यात, वर हळद-कुंकू. "इद्या हाये ते," आई म्हणाली. ती शेतात गेल्यावर मी ते गुपचूप पिशवीत घातलं.

कुंकू बघताच शेठजींनी हात मागे घेतला. "पूजा झालेलं परत? बेटा, आम्ही दिवाळीला वह्या पूजतो. हे आता मला विकता येणार नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "दुसरं इथंच उभ्यानं वाच."

त्यात सगळी प्रकरणं झाडांच्या नावांनी! म्हणजे नाव कळायला फूल हवं, आणि फूल यायला नाव हवं. बिननावाचं प्रकरण एकच होतं : छाटणी. 'फुलत नसल्यास बेधडक छाटावे.'

मी बेधडक छाटलं. थांबले तेव्हा गुडघ्याएवढा खुंट उरला होता! आई शेतातून आली, बघितलं, आणि चूल पेटवायला गेली. आबांनी टोमणा मारला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं! ते खुंटाला शेणखत घालून आले.

पुढे कितीतरी दिवस आई त्या बाजूला बघायचीच नाही. आणि एका सकाळी तिचीच हाक, "बाई व! पाह्य!"

फूल! पांढरंशुभ्र. आईच्या डोळ्यांत पाणी. आबा म्हणाले, "माहेरचंच ते. रुसून फुललं!" आणि आई कितीतरी दिवसांनी हसली.

मी पाकळ्या मोजायला पुस्तक आणायला धावले. पण आई माझ्याआधी देव्हाऱ्याशी पोचली होती. तिनं फूल खुडून पुस्तकावरच वाहिलं होतं.

"आई, उघडू दे ना!"

"वाह्यलेलं फूल हलवत नाहीत. उद्या पाह्यजो."

उद्याला नवं फूल आलं. ते रोजच येतं, आणि रोज पुस्तकावरच जातं.

मी आता बी.एस्सी.ला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. अंगणातल्या झाडाचं नाव कुणी विचारलं तर सांगते, "पुस्तकाचं झाड." परीक्षेत तेवढं एक झाड ओळखायला येऊ नये म्हणून प्रार्थना करते. त्याच पुस्तकाला!