पाठीवरचं माहेर

आमचं दुकान ब्रह्मपुरीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. टी-शर्ट, जर्सी, जे आणाल त्यावर छापून देतो. हीट प्रेसची मशीन आली तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामीजी म्हणते, मुद्दाम गावाहून ती बघायला आल्या. वरचा तवा खाली येतो, कापडाला दाबतो, वर जातो, हे त्यांनी नीट पाहून घेतलं. मग एवढ्याशा कामाला एवढी मोठी इस्त्री कशाला, असं आपल्या लेकाला विचारलं आणि चहा मागितला.

धंद्यात आम्हा नवरा-बायकोची कामं वाटलेली आहेत. त्याने मोबाईलवर काहीतरी नवीन पाहून हुरळून जायचं आणि मी परवडत नाही म्हणायचं. पहिलं वर्ष आम्ही फक्त कशावर काय छापायचं यावरून भांडलो. एप्रिलमध्ये जयंतीचे निळे टी-शर्ट लागतात, सगळे एकसारखे आणि भरपूर. त्याला स्क्रीन प्रिंटिंगच बरं. एकदा जाळी बनवली की हात चालत राहतो. पण प्रत्येक पाठीवर वेगळं नाव हवं असेल तर दर नावाला नवी जाळी कोण बनवणार? कबड्डीच्या पांढऱ्या पॉलिस्टर जर्सीला सब्लिमेशन. कागदावरचा रंग तापून धाग्यातच उतरतो, धुऊन जात नाही आणि स्वस्त पडतो. मात्र सुती कापडावर तो टिकत नाही, गडद रंगावर दिसत नाही. व्हिनाईल, म्हणजे रंगीत प्लास्टिकचा पातळ पत्रा, सुती आणि गडद दोन्हींवर चिकटतं, पण त्यातून एकेक अक्षर कापून काढावं लागतं. मराठीतले उकार, वेलांट्या आणि अनुस्वार चिमट्याने सोडवता सोडवता डोळे जातात. एवढं करून कोणी तो कपडा दगडावर आपटला की कडा उचलतात.

राहिलं डीटीएफ. त्यात नक्षी फिल्मवर छापून येते, तिच्या मागे गोंदाची भुकटी असते, आणि ती बहुतेक कोणत्याही कापडावर दाबता येते. फिल्म आम्ही नागपूरहून मीटरवर मागवतो, म्हणून एका पट्ट्यावर बसेल तेवढं कोंबायचं. त्या पट्ट्याला धंद्यात गँग शीट म्हणतात. पट्टा अर्धा रिकामा गेला तर त्या दिवशी मला जेवण जात नाही.

मामीजींचीही एक गँग आहे. धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गावातल्या बायकांची जी टोळी जाते, तिच्या त्या मुकादमीण. आमच्याकडे रोवणीला जाताना बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. ऊन लागत नाही, धानाच्या पात्यांनी हात कापत नाहीत, आणि नवऱ्याचा शर्ट फाटला तर जीव तुटत नाही. एकदा ही टोळी ट्रॅक्टरमधून जाताना कॉलेजच्या कबड्डीच्या पोरी दिसल्या. पाठीवर मीच छापलेली नावं. संध्याकाळी मामीजींचा फोन आला.

"पोरीयच्या पाठीवर नाव आन् आमच्या पाठीवर नुसता चिखल," त्या म्हणाल्या. "आमच्याही शर्टावर टाकून दे."

नवे शर्ट घ्यायचा प्रश्नच नव्हता. नवा शर्ट चिखलात कोण घालेल? आठवड्याने त्या जुन्या शर्टांचं गाठोडं घेऊन दुकानात आल्या. त्यात सुती होते, टेरिकॉटचे होते, चौकड्यांचे होते, एक कोण्या वनरक्षकाचा खाकीही होता. गाठोडं उघडताच माझी निवड संपली. असल्या बारा भानगडींच्या कापडांवर, वेगवेगळ्या नावांसाठी, डीटीएफशिवाय काही चालणार नव्हतं. घरचं काम म्हणजे फुकटचं काम, म्हणून मी थोडी फुगूनच कॉम्प्युटरसमोर बसले आणि नावं सांगा म्हटलं.

नावं म्हणजे गावं. आमच्या भागात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारतात. मी माहेरची मुलचेऱ्याकडची, म्हणून सासरी मी मुलचेरावाली. माझं खरं नाव आधार कार्डावर आहे, आणि नवरा चिडला की त्याच्या तोंडात. मामीजी सांगत गेल्या, मी टाईप करत गेले. नागभीडवाली, आरमोरीवाली, सिंदेवाहीवाली. मग त्या म्हणाल्या, मूलवाली. माझं बोट तिथेच थांबलं.

मूल हे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ही बाई तिथली. चाळिशीची असेल. रोवणीच्या ओळीत कायम मामीजींच्या डाव्या हाताला उभी राहणारी. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. या गोष्टीवर गावात कोणी बोलत नसे.

मी मामीजींना म्हटलं, हे असं पाठीवर छापायचं का? त्यांना कळेना. तिचं गाव आहे मूल, त्यात काय, असं त्यांचं म्हणणं. मग मला सांगावं लागलं, की पुस्तकातल्या मराठीत लेकराला मूल म्हणतात. घरी आम्ही लेकरू म्हणतो, पोट्टं म्हणतो, मूल कोणी म्हणत नाही. मामीजी शाळेत गेलेल्या नाहीत. इतकी वर्षं पहाटे त्या बाईच्या दारासमोर उभं राहून त्यांनी हीच हाक मारली होती, आणि त्यांच्या कानाला त्यात फक्त एक गाव ऐकू आलं होतं. आता दुसरंही ऐकू आलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, आपण जीभ चावायला हवी होती.

नवऱ्याने मध्येच तोंड घातलं, की उकार ऱ्हस्व करू, म्हणजे ते गावच वाचलं जाईल. कोणी हसलं नाही.

"तिचं तिच्या नावानं टाक," मामीजी शेवटी म्हणाल्या. "आधार कार्डावर हाये ते." मलाही तेच बरं वाटलं. तसाच पट्टा नागपूरहून छापून आला आणि तसेच मी शर्ट दाबले.

दरम्यान रोवणी सुरू झाली होती. रविवारी शर्टांचं गाठोडं घेऊन मी गावी गेले. त्या दिवशी टोळीला सुट्टी होती. बाया आमच्या अंगणात जमल्या आणि एकच गोंधळ उडाला, कारण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. जिला वाचता येतं ती दुसरीच्या मागे उभी राहून मोठ्याने वाचायची आणि सगळ्या खिदळायच्या. नवऱ्याच्या शर्टावर आपलं माहेर, याचीच त्यांना मोठी गंमत वाटत होती.

मूलवालीने आपला निळ्या चौकड्यांचा शर्ट उलटून पाहिला. मग नीट वाचला.

"हे कोणाचं व्हय?" तिने विचारलं.

बाया हसल्या. तुझंच की, कोणीतरी म्हणालं. ती हसली नाही. शर्टाची घडी घालून मांडीवर ठेवली आणि मामीजींकडे बघत तिने सरळ विचारलं, "बाई, मले टोळीतून काढलं का?"

मला काही कळेना. मग तिच्याच तोंडून कळलं. रोवणी सुरू झाल्यापासून मामीजी तिला हाकच मारत नव्हत्या. साऱ्या बांधीत, धानाच्या अख्ख्या शेतात, ऐकू जाईल असा ज्यांचा आवाज, त्या तिच्याजवळ येऊन खांद्याला हात लावायच्या, नाहीतर नुसतं अवो म्हणायच्या. आपल्या हातून काय चुकलं, याचा ती रोज विचार करत होती. आणि आता सगळ्यांच्या पाठीवर गाव होतं, तिच्याच पाठीवर नव्हतं.

मामीजींनी तिला हाताला धरून आत स्वयंपाकघरात नेलं, मला हाताने बोलावलं, आणि चुलीशी बसून सांगून टाकलं. मूल म्हणजे पुस्तकात लेकरू, हे मले ठाऊक नव्हतं, तुले इतकी वर्षं टोचत असन, म्हणून ती हाक तोंडातून निघत नाही. हे सांगताना त्या रडत होत्या. मामीजी चारचौघांत रडणाऱ्यांतल्या नाहीत.

ती चुलीतली राख काडीने सारखी करत होती.

"मले का आज समजलं, बाई?" ती म्हणाली. "सातवी शिकली मी. नवीन होती तवा वाटे, बरं नाव भेटलं, खरंही होईन. नाई झालं. मंग काही वर्षं लय लागे. पण आता रोज दिवसभर बांधीत कोणी ना कोणी मले लेकरावाली म्हणून हाक मारते. त्यायले ठाऊक नाई, मले हाये. तेवढं राहू द्या ना."

मला रडू आलं. शहाणपणा करून आम्ही तिचं जे काढून घेतलं होतं, त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत बांधीत जायचं होतं. नागपूरहून एका शब्दासाठी पट्टा मागवला असता तर तो यायला आठवडा गेला असता. मी पहिल्यांदाच परवडत नाही हा शब्द काढला नाही, पण वेळच नव्हता. त्याच दुपारी आम्ही तिघी जीपने ब्रह्मपुरीला आलो. दुकान उघडलं, पांढऱ्या व्हिनाईलवर अक्षरं कापली आणि मी चिमटा घेऊन बसले. म चा पोकळ भाग काढला, ल चा काढला. मू चा दीर्घ उकार मात्र सुटता सुटेना. ती समोरच्या स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होती. नवरा नेमका त्या वेळी तिथे होता आणि त्याने तोंड उघडलं नाही, हे त्याचं मोठं काम.

छापलेलं नाव मी काढायला निघाले होते, तर तिने थांबवलं. राहू दे, तेही माझंच आहे, म्हणाली. म्हणून त्याच्या खाली दाबलं. तवा वर झाला, मी अक्षरांवरचं पातळ प्लास्टिक सोललं आणि शर्ट तिच्या हातात दिला. हे टिकाऊ नाही, दगडावर आपटू नका, कडा सुटतील, असं मी दोनदा सांगितलं. सुटलं तर तू पुन्हा चिकटवशील, एवढंच ती म्हणाली. तिने साडीवर शर्ट चढवला आणि पाठ माझ्याकडे केली. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

मामीजी जीपमध्ये जागा धरायला पुढे गेल्या होत्या. जीप भरली. त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, मिटलं. मग बांधीतला तो आवाज निघाला. चहावाल्यापासून मोबाईलवाल्यापर्यंत सगळी गल्ली वळून बघायला लागली.

"मूलवाली, चाल वो!"

"आली, बाई," ती म्हणाली. जीपवाला हॉर्न वाजवत होता, तरी ती दारातच उभी राहिली. बाह्यांची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. मामीजींनी आणखी एकदा हाक मारली, तेव्हा ती निघाली.