मेथी की मटार

सुमनकाकूंच्या घरी वेळ भाजीवर मोजली जाई. दार उघडतानाच त्या विचारायच्या, "आज मेथी की मटार?" मेथी म्हणजे लांबलचक बैठक, मटार म्हणजे लवकर सुटका. त्यांची भाजी निवडून होईपर्यंत मी टेबलाशी समोर बसून लिहायचं. फोन तेवढा वेळ त्यांच्या पोह्यांच्या डब्यात.

बाबांची बँकेतून बदली झाली आणि एम.ए.चं शेवटचं वर्ष म्हणून मी बालीगंजच्या आमच्या घरी एकटीच मागे राहिले. काकू खालच्या मजल्यावर राहायच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीत. माझं वाचन झालं होतं, डोक्यात सगळं तयार होतं, पण प्रबंधाचं पान काही लिहून होईना. हिवाळा संपायच्या आत तो दिला नसता तर वर्ष बुडालं असतं, आणि मी मात्र रोज नवं वेळापत्रक रंगवत होते. काकूंनी ते भिंतीवर पाहिलं. "सुरेख आहे गं," त्या म्हणाल्या, "पण यात राहणार कोण? उद्यापासून खाली माझ्यासमोर येऊन लिही." मला रागच आला. तरी दुसऱ्या दिवशी गेले.

बाई मायाळू, पण भीडभाड ठेवत नसत. मी मूड नाही म्हटलं की त्या शांतपणे जुडी सोडायला घेत. "मूडची वाट बघू नकोस. एक वाईट वाक्य लिही, चांगलं मागून येतं." मी वाईट वाक्य लिहायची आणि ते सुधारायच्या नादात पान भरायचं. एकदा रडकुंडीला येऊन उठले, तर त्यांनी अडवलं नाही. गॅलरीत जाऊन ये म्हणाल्या, आणि मी परत येईपर्यंत भाजीला हात लावला नाही. इतकं कुणी माझ्यासाठी थांबलेलं मला आठवत नाही.

शेवटचं प्रकरण उरलं होतं आणि काकांची नागपूरला बदली झाली. रोज व्हिडिओ कॉलवर बसू या, असं मी सुचवून पाहिलं. काकूंनी साफ नकार दिला. पोह्यांचा रिकामा डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता जुडी तुझी तू आण."

त्या गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून मेथी आणली. फोन डब्यात टाकला, जुडी समोर ठेवली आणि आधी एक वाईट वाक्य लिहिलं. मग आणखी एक. संध्याकाळी डब्यातून फोन वाजला.

"झाली का मेथी निवडून?" काकूंनी विचारलं.

जुडी टेबलावर दोऱ्यासकट तशीच पडली होती, जरा मलूल झालेली.

"राहिलीच, काकू. लिहीत बसले होते."

त्या म्हणाल्या, "असू दे. आज पिठलं टाक."