डँडेनॉन्गच्या लॉन्ड्रीतून मनिलाला

किस्से गोळा करायला म्हणून कुणी बसत नाही. आपण कुणाचा तरी फॉर्म भरत असतो, आणि भरता भरता समोरचा माणूस काहीतरी बोलून जातो. वर्षा-दोन वर्षांनी मित्रांत गप्पा निघाल्या की लक्षात येतं, आपल्याकडे हे बरंच साठलंय. माझ्याकडे साठलं ते मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधल्या एका लॉन्ड्रीत. हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, गाऊन धुणारी मोठी लॉन्ड्री. मी डिस्पॅचला होतो. लॉकडाऊनमध्ये बाकी सगळं बंद पडलं आणि आमचं काम दुप्पट झालं.

फोल्डिंग सेक्शनला निम्म्याहून जास्त लोक फिलिपिनो. त्यांची लीडर लोर्ना, पन्नाशीची, वीसेक वर्षं मेलबर्नमध्ये राहिलेली. तिला सगळे 'आते' म्हणायचे. त्यांच्यात आते म्हणजे मोठी बहीण. मला पहिल्या दिवशी ते 'आत्या' ऐकू आलं आणि मी आत्याच म्हणायला लागलो. तिने कधी सुधारलं नाही.

विमानं बंद झाली तेव्हा कितीतरी फिलिपिनो इथे अडकले. लेकीकडे आलेल्या आया, नोकरी गेलेले, व्हिसा संपत आलेले. आत्या आणि तिची मंडळी त्यांना घरी पाठवायच्या मागे लागली. एकदा स्मोकोला, म्हणजे आमच्या चहाच्या सुट्टीत, तिने माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला.

"तू इंडियन आहेस. तुला कॉम्प्युटर येतो."

"आत्या, मी कॉमर्सचा. आयटीवाले वेगळे."

"फॉर्म भरता येतो?"

"येतो."

"मग झालं तर."

त्या दिवसापासून माझा स्मोको गेला तो गेलाच.

*

पहिली केस लोला कोन्चिंगची. लोला म्हणजे आजी. वय चौऱ्याहत्तर. नातीच्या बाप्तिस्म्याला सहा आठवड्यांसाठी आली होती, सात महिने झाले तरी इथेच. तिकीट तीनदा रद्द झालं. दर वेळी ती बॅग भरायची, आणि दर वेळी लेक ती रिकामी करायची.

चौथ्या वेळी विमान जाणार हे नक्की झालं. आमचा व्हॅन ड्रायव्हर जुन तिला एअरपोर्टला सोडणार होता. वाटेत त्याने व्हॅन लॉन्ड्रीच्या डॉकवर आणली, कारण आमच्याकडे मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या तोलायचा काटा होता. बॅग भरली तेवीस किलोच्या मर्यादेपेक्षा नऊ किलो जास्त. उघडली तर साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस, पुन्हा साबण.

"लोला, थोडं काढावं लागेल," जुन म्हणाला.

लोलाने मास्क नीट केला आणि शांतपणे बॅगेतले स्वतःचे कपडे काढायला लागली. एकेक करून सगळे. वरचे तीन झगे अंगातल्या झग्यावर चढवले, बाकीचे आत्याच्या हातात दिले.

"कपडे तिकडेही मिळतात," ती म्हणाली. "सात महिन्यांनी चाललेय. रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

काटा बरोबर तेवीसवर थांबला. लोला व्हॅनमध्ये चढली तेव्हा चांगली दुप्पट दिसत होती.

*

जुन स्वतः पूर्वी जहाजावर होता. त्यामुळे बंदरातल्या एका मालवाहू जहाजावरच्या कुकचा फोन त्याच्याकडे आला. सोळा जण, सगळे फिलिपिनो. करार संपून पाच महिने झालेले. उतरायची परवानगी नाही, बदली माणसं येऊ शकत नाहीत. समोर मेलबर्नच्या इमारती दिसतात, पण पाय टेकवता येत नाही.

घरी पाठवणं आमच्या हातात नव्हतं. जुनने विचारलं, "निदान काय पाठवू? सिमकार्ड? सिगारेटी?"

कुक म्हणाला, "काहीतरी हिरवं."

फ्रीझरमधलं खाऊन ती माणसं कंटाळली होती. आत्याने परसातला पाला तोडला. मी फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानातून मेथीच्या दहा जुड्या आणल्या. क्षमाने, माझ्या बायकोने, त्या निवडून पेपरात गुंडाळल्या आणि मला बजावलं, "त्यांना सांग, कडू असते. लसूण जास्त घालायला सांग." जुनने सगळं बंदराच्या गेटवर दिलं.

दोन दिवसांनी मेसेज आला. 'तुमचा इंडियन पाला फार कडू आहे. कुणी एकही पान टाकलं नाही.'

पुढे दीड महिन्याने कंपनीने त्यांच्यासाठी खास विमान केलं आणि सोळाही जण घरी गेले. तोवर दर शुक्रवारी मेथी जात होती.

*

काही लोकांना पाठवणं अवघड होतं, कारण त्यांनाच जायचं नव्हतं.

रोमेल फळांच्या मळ्यावर कामाला होता. काम सुटलं, व्हिसा संपला. आत्याने मिनतवाऱ्या करून त्याला सीट मिळवून दिली, तर हा फोन उचलेना. शेवटी जुन त्याच्या खोलीवर गेला. रोमेल पलंगावर बसलेला, बॅग भरलेली.

"विमानाची भीती वाटते का?"

"नाही."

"मग?"

मग त्याने खरं कारण सांगितलं. त्यांच्याकडे परदेशातून येणारा माणूस एक मोठं खोकं घेऊन येतो, घरातल्या प्रत्येकासाठी काही ना काही भरलेलं. रोमेल दोन वर्षं फोनवर त्या खोक्याबद्दल बोलत आला होता. ते खोकं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टीरूमच्या कोपऱ्यात एक मोठं खोकं दिसलं. त्यावर चिठ्ठी नव्हती, कुणी काही सांगितलंही नाही. शिफ्ट संपेपर्यंत ते भरत गेलं. बूट, टॉवेल, कॉफी, रंगपेट्या. क्षमाने पुण्याहून आणलेला कोरा प्रेशर कुकर दिला. माझी लेक मला विचारत होती, "बाबा, डू दे इव्हन नो हाऊ टू यूज इट?" मी म्हटलं, त्यात काय एवढं.

पंधरा दिवसांनी रोमेलचा मेसेज आला. सगळे खूश आहेत. कुकरने पहिली शिट्टी दिली तेव्हा आई शेजाऱ्यांकडे पळाली, पण आता दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

*

शेवटचा किस्सा खुद्द आत्याचा.

एवढ्या लोकांना घरी पाठवणारी ही बाई स्वतः जाऊ शकत नव्हती. तिने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं होतं, आणि तेव्हा इथल्या नागरिकांना देशाबाहेर जायला सरकारची खास परवानगी लागायची. अडकलेला पाहुणा जाऊ शकत होता, आत्या नाही.

तिचे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे, गावी एकटे. किडन्या निकामी होत चालल्याचं भावाने कळवलं. व्हिडिओ कॉलवर मात्र म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा आणि म्हणायचा, "मला काही झालेलं नाही. इथे साथ आहे, येऊ नकोस."

एका स्मोकोला आत्या माझ्यासमोर बसली. लॅपटॉप तोच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने तो माझ्याकडे सरकवला नाही, नुसती हात ठेवून बसली. मीच ओढून घेतला.

परवानगीच्या फॉर्मला वडिलांच्या डॉक्टरांचं पत्र जोडायचं होतं. आठवड्याने ते आलं. मी उघडून तिला वाचून दाखवलं. टाइप केलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'रुग्णाची तब्येत उत्तम आहे. रुग्णाच्या मुलीने प्रवास करू नये.' खाली सही.

"बाबांनी समोर बसून लिहून घेतलंय," आत्या म्हणाली. "गावचे डॉक्टर त्यांचे विद्यार्थी."

मग मी स्क्रोल केलं. सहीच्या खाली, पेनाने, घाईघाईने लिहिलेली एक ओळ होती. 'सरांसमोर मला हेच लिहावं लागलं. कृपया तिला लवकर पाठवा.'

आत्याने ती दोनदा वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्ही जाऊ दे," ती म्हणाली. "अपलोड कर."

चौथ्या दिवशी परवानगी आली. मनिलाच्या हॉटेलात क्वारंटाइन, मग दुसरं विमान, मग बस. गावी पोचायला तिला जवळजवळ तीन आठवडे लागले. तिथे ती दोन महिने राहिली, शेवटपर्यंत. परत आल्यावर तिने फारसं काही सांगितलं नाही. फक्त पोचली त्या दिवशीचं एवढंच सांगितलं.

वडील सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. ती बसमधून उतरून समोर उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं.

"तुला पत्र मिळालं नाही?"

"मिळालं," ती म्हणाली.

त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. ती आधीच मांडलेली होती.