भांडकुदळ वकील आणि आखाजीचा झोका

धुळ्यात आम्ही घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा घराआधी वकिलावरून आमची जुंपली. ह्यांच्या ओळखीतले वकील भारी गोड बोलायचे. कागद न बघताच म्हणाले, "वहिनी, बिनघोर राहा!" असं म्हणणाऱ्या माणसाची मला कायम धास्ती वाटते. मला हवे होते कोर्टाजवळचे म्हातारे वकील. ते आधी स्वतःच्या अशिलालाच फैलावर घेत.

"आपल्याला घर घ्यायचंय, भांडण नाही," हे म्हणाले. पण माझ्या हट्टापुढे ह्यांचं कधी चाललं नाही, तेव्हाही नाही. त्या घरावर माझा जीव जडला होता. अंगणात मोठा थोरला कडुनिंब होता, आणि भाड्याच्या दोन खोल्यांना मी पार विटले होते.

म्हाताऱ्या वकिलांनी उतारा चाळला, चष्मा कपाळावर सरकवला आणि घरमालकाला विचारलं, "घर वडिलांचं, वडील गेले. बहीण आहे?"

"आहे, पिंपळनेरला दिलीय. पण उताऱ्यावर नाव माझं एकट्याचं आहे."

"वडील तिचेही होते ना? तिची सही आणा, नाहीतर चालते व्हा."

घरमालकाचा चेहरा पडला. बहीणभावाचा अबोला होता. कशावरून तरी बिनसलं आणि त्याने तिला आखाजीला आणणंच बंद केलं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकीला माहेरी न्यायचं नाही, याहून मोठा अपमान खानदेशात नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणून तो अडून बसला.

शेवटी आम्हीच एसटीने पिंपळनेरला गेलो. हे वाटभर वकिलांच्या नावाने खडे फोडत होते. ती बहीण, अक्का, नाही म्हणाली तर घर गेलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

अक्काने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग सहीला होकार देत म्हणाली, "सही करी दिसू. पन घर इकाई गयं, ते आखाजीले मी कोठे जाऊ? त्या निंबले मन्हा झोका राहे." तिचे डोळे भरून आले. माझेही आले.

"अक्का, आमच्याकडे या. झोका मी बांधते," मी बोलून गेले. ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. तो निंब तोडून तिथे स्कूटरसाठी शेड घालायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अक्का धुळ्याला आली, रजिस्ट्रारसमोर सही केली. भाऊ शेजारीच होता, पण त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. वकील मात्र पहिल्यांदाच कोणावर खेकसले नाहीत.

पुढच्या आखाजीला ती सकाळच्या गाडीने हजर झाली. सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात कोंबला आणि सरळ झोक्यावर जाऊन बसली. ह्यांची स्कूटर उन्हात तापत होती आणि हे माझ्याकडे बघायचं टाळत होते.

दुपारी फाटकाशी कोणी घुटमळताना दिसलं. तिचा भाऊ! विकलेल्या घरात पाऊल टाकायला बिचाऱ्याला अवघड वाटत असावं. मी त्याला हाक मारणार, तोच झोक्यावरून आवाज आला.

"भाऊ, बाहेर काय उभा शेस? मझार ये. मन्हं माहेर शे हाई."