निवांतरावांची जाड काच

पहाटे चारला निवांतरावांचा दिवस सुरू व्हायचा. हे नाव कारखान्यातल्यांनी ठेवलेलं. ओतलेली काच एकदम गार होऊ द्यायची नसते. बंद भट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते. ते काम यांचं. बाकीचे घामाघूम होऊन ओतत, आणि हे भट्टीच्या झडपेशी स्टुलावर बसलेले दिसत. म्हणून निवांतराव. पण झडप बोटभर जास्त उघडली तर सगळ्यांची मेहनत तडकते. ती बोटभर न उघडण्यात माणूस किती शिणतो, हे त्या स्टुलावर बसल्याशिवाय कळत नाही.

एकदा माशांच्या मोठ्या टाकीसाठी काच करायची होती. नेहमीच्या दुप्पट जाड. नेहमीची काच दीड दिवसात निवायची. निवांतरावांनी सरळ हिशेब केला: जाडी दुप्पट, वेळ दुप्पट. तीन दिवसांनी दार उघडलं, तर काचेला आरपार चीर. पुन्हा ओतली, पुन्हा तेवढाच वेळ दिला, पुन्हा चीर.

मुकादम तुकड्यांकडे बघत म्हणाला, "निवांतराव, आणखी एक तडकली तर भट्टी दुसऱ्याच्या हातात. तुम्ही मग काचा झाडा."

सूर चेष्टेचा नव्हता.

निवांतराव तोंड पाडून घरी आले. घरात आधीच एकीचं तोंड पडलेलं होतं. धाकटी लेक कॉलेजात गणित शिकत होती. आंशिक विकलक समीकरणांच्या पेपरात ती नापास झाली होती आणि पुन्हा बसणारच नाही म्हणून हटून होती.

"नावच एवढं लांब, म्हटल्यावर पास कोण होणार?" तिची आई म्हणाली. "आणि तुमचं काय? तुम्हीही नापास?"

"दोनदा," निवांतराव म्हणाले, आणि चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं.

धाकटीने मान वर केली. "बाबा, वेळ दुप्पटच का?"

"मग? वाट दुप्पट झाली की चालायला दुप्पट वेळ लागतो."

"उष्णता सरळ चालत नाही हो. गर्दीत सापडलेल्या माणसासारखी असते ती. पुढे ढकलली जाते तशी मागेही. वाट दुप्पट, तर वेळ चौपट."

"हे कुणी सांगितलं?"

"समीकरणाने." तिने पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर काचेचा चौकोन काढला. "काचेत दर ठिकाणी ऊब वेगळी, आणि ती दर घटकेला बदलते. ठिकाण आणि वेळ, दोन्हींकडे एकदम बघायचं म्हणून डोकं फिरतं. मग युक्ती करायची. ठिकाणाचा भाग सुटा करायचा, वेळेचा सुटा. दोन सोपी गणितं होतात. ती सोडवून परत एकत्र आणायची. त्या वेळेच्या भागात जाडीचा वर्ग येऊन बसतो. आता सांगा, आत ठेवताना काच सगळीकडे सारखीच तापलेली असते?"

"असते. नसली तर मी ठेवत नाही."

"आणि कडेला काय? वीट, हवा?"

"खाली वाळू, बाकी हवा. दर वेळी तसंच. पण तुला कशाला पाहिजे ते?"

"सुरुवातीला काय होतं आणि कडेला काय आहे, हे कळल्याशिवाय समीकरण एक उत्तर देतच नाही. नुसती ढीगभर उत्तरं." ती घुटमळली. "मी पेपरात सगळं सोडवलं आणि कडाच विसरले."

आई म्हणाली, "टेबल पुसा आता. जेवायचंय."

तिसरी काच भट्टीत गेली. चौपट म्हणजे सहा दिवस. चौथ्या दिवशी मुकादमाने भट्टीच्या भिंतीला हात लावला.

"निवली की! उघडा."

"बाहेरून निवली. आत नाही."

"कोण म्हणतं?"

"पोरगी."

"ती नापास झालेली?"

अख्खा कारखाना खो खो हसला. निवांतरावांनी स्टूल उचललं आणि दाराला टेकवून त्यावर बसले. आता दार उघडायचं तर आधी त्यांना उचलावं लागलं असतं.

हसणारे कामाला लागले, तेव्हा खरी पंचाईत झाली. हात सारखा कडीकडे जायचा. जन्मभर स्वतःच्या अंदाजावर काच काढली, आणि आता जिचा स्वतःवरच भरवसा उरलेला नाही, तिच्या शब्दावर बसायचं. फावड्याने कोळसा ओढणं परवडलं, असं त्यांना वाटलं. पण हात मांडीवर दाबून धरला. झडप सरकवायची ती केसाएवढी.

सहावा दिवस संपला तेव्हा त्यांनी दार उघडलं. बोटाच्या पेराने काचेवर टिचकी मारली. स्वच्छ, लांब आवाज आला. पलीकडे येऊन उभा राहिलेला मुकादम काचेतून थोडा रुंद दिसत होता.

"पोरीला सांगा," तो म्हणाला, आणि काय सांगायचं ते न सांगताच गेला.

निवांतरावांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "चौपटच."

जेवण झाल्यावर धाकटीने कपाटाच्या तळाशी टाकलेलं पुस्तक बाहेर काढलं.

"फी भरायची मुदत गेली असेल," ती पान उलटत म्हणाली.

"नाही गेली. विचारून आलोय."

"आणि परत नापास झाले तर?"

"मी दोनदा तडकवली. तुझी एकदाच तडकलीय. पण कडा आधी लिही."

पगार झाला. वाण्याला थोडं थांबायला सांगितलं. पहिली भरली ती धाकटीच्या फेरपरीक्षेची फी.