शिंपल्यांची वाटणी

पासली गावातल्या आमच्या घरात भाताच्या कणगीवर एक काळी जपानी पेटी होती. वडील वरवे गावाजवळच्या एका कारखान्याच्या बंगल्यावर माळी होते. तिथल्या म्हाताऱ्या जपानी साहेबाला आपल्याकडच्या जुन्या घरगुती वस्तू जमवायचा नाद. तो तापानं फणफणला तेव्हा वडिलांनी महिनाभर त्याची उस्तवार केली, म्हणून मायदेशी परतताना त्यानं पेटी वडिलांच्या हातात ठेवली. आठ कोनांची, चकचकीत काळ्या रोगणाची, वर सोनेरी बगळे. आत शिंपले. प्रत्येकाला आतून सोनेरी मुलामा आणि त्यावर दरबारी माणसं रंगवलेली. जमिनीवर लोळणाऱ्या केसांच्या बाया, पडद्याआडून डोकावणारा राजपुत्र, बैलगाडीतून निघालेलं कुणीतरी. बैल मात्र आमच्या बैलांपेक्षा गुबगुबीत, कधी चिखल न बघितलेला.

प्रत्येक चित्र दोन शिंपल्यांवर होतं. शिंपले पालथे घालायचे आणि जोडी हुडकायची, असा त्यांच्याकडे खेळ. एकाच शिंपल्याची दोन अंगं, त्यामुळे दुसरं कुठलंच त्यावर बसत नाही, असं वडील सांगायचे. आम्ही दोघं भाऊ तो खेळायचो आणि दर वेळी खेळ मारामारीत संपायचा. एकदा थोरल्यानं मला उखळावर आपटलं, मी त्याचा कान चावला. वडील दोघांनाही फोकानं झोडायचे आणि मग शिंपले मऊ फडक्यानं पुसून ठेवायचे.

वडील गेले आणि वर्षाच्या आत वाटणी निघाली. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे घालणाऱ्याच्या मनात पाप येत नाही. पंचांसमोर भावानं खाचरं, म्हशी, भांडी सगळं चोख मांडलं. शिंपल्यांपाशी अडला. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, “सारकी चित्रं दोन-दोन हायती न्हवं? मग येकेक घ्या की. कुणाचं मन दुखायला नगं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हा दोघांना तो खेळ पाठ, तरी आम्हीही डोलावल्या. सगळ्या जोड्या फुटतायत हे दिसत होतं. पण वाटणीला बसलेल्या माणसाला आपला वाटा तेवढा दिसतो.

उरली रिकामी पेटी. ती एकच.

“ऱ्हाऊ दे माज्याकडं,” भाऊ म्हणाला. “आबांची आठवण.”

“आबा तुज्या येकट्याचं व्हतं का?” मी उसळलो. पडवीतली कुऱ्हाड घेऊन आलो. “फोडतोच. निम्मी तुला, निम्मी मला.”

आई चुलीपासून किंचाळली. कुणीतरी माझा सदरा धरला, तो टरकन फाटला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दुःखबिःख काही होत नव्हतं. फार बरं वाटत होतं. मी कुऱ्हाड उचलली आणि हाणली. त्याच वेळी भावाचा हात पेटीवर आला.

पेटी चिरफाळली. भावाच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडली. मागाहून पंचांतल्या त्या म्हाताऱ्यानं सांगितलं, भाऊ पेटी स्वतःकडे ओढत नव्हता. माझ्याकडे सरकवत होता.

टेम्पोतून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेताना त्याचा हात पंच्यात गुंडाळून मीच धरून बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “लाकडं फोडताना लागलं.” मला रडू फुटलं. वाटलं, माफ केलं यानं.

पुढच्या भातलावणीला त्याला रोप नीट धरवेना. मी न विचारता पहाटेपासून त्याचं खाचर लावून काढलं. दुपारी तो बांधावर आला. चिखलात उतरला आणि मी लावलेलं रोप न रोप डाव्या हातानं उपटून भिरकावू लागला. मी धरायला गेलो तर त्याचं कोपर तोंडावर बसलं. ओठ फुटला.

“डाक्टरापुडं खोटं बोललो ते आईसाटी,” तो म्हणाला. “तुज्या हातचा भात माज्या पोरांच्या पोटात न्हाई जायचा.”

मी रक्त थुंकत बांधावर उभा राहिलो. खाचर मोकळं झालं तसा तो पहिल्या टोकाला गेला आणि उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत रोप धरून स्वतः लावू लागला. पहिलंच रोप आडवं झालं. त्यानं ते उचलून पुन्हा रोवलं.