चेअरमन सुरू झाले नाहीत

श्रीपती हा आमच्या तमाशाच्या फडाचा जनरेटरवाला. मी त्याच फडात सव्वीस वर्षं मावशी केली. गवळणीत पोरींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघणारी, लुगडं नेसलेली, पुरुषी आवाजाची मावशी असते ना, ती मी. फड सुटून जमाना झाला, मिशाही पांढऱ्या झाल्या, पण लोक मला अजून मावशीच म्हणतात. श्रीपतीही म्हणतो.

प्रयोगाआधी आम्ही तोंडाला रंग लावत बसायचो, तेव्हा हा तंबूमागे एकटाच पुटपुटत फिरायचा. "आधी जनरेटर. त्याला दोन मिनिटं पळू द्यायचं. मग माईक. मग कडंचे दिवे, मग मधले. मग पडदा." रोज तेच. मोरगावच्या एका प्रयोगाला मालकांनी घाई केली आणि मधले दिवे आधी लावायला लावले. जनरेटरनं खोकून मान टाकली. अख्खा गण आम्ही अंधारात म्हटला आणि लोकांनी टाळ्यासुद्धा अंधारात वाजवल्या. मालक विसरून गेले, पण श्रीपती त्या दिवशी जेवला नाही.

फड मोडल्यावर तो गावी आला आणि दूध संस्थेत कामाला लागला. आमचं गाव भवानीनगरहून इंदापूरकडं जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला, उसात बुडालेलं. माझीही एक म्हैस आहे, त्यामुळं मी संस्थेचा सभासद. लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुयश नावाचा एक इंजिनिअर होता. त्यानं हौसेनं संस्थेत एक छोटा कॉम्प्युटर बसवून दिला. काडेपेटीहून थोडा मोठा, आतमध्ये विंडोज नाही, लिनक्स. तीन संध्याकाळी बसून त्यानं श्रीपतीला शिकवलं, मग बदली होऊन निघून गेला. पुढचं श्रीपती त्याच्या मुलीकडून, तेजश्रीकडून शिकला. ती बारामतीत कॉम्प्युटरच शिकवते. बाप फोनवर विचारायचा, ती सांगायची आणि हा वहीत लिहून घ्यायचा.

एकदा त्यानं मला बसवून सगळं दाखवलं. वीज आली की हे यंत्र जागं होतं, पण त्याला स्वतःला काही सुचत नाही. एका कप्प्यात छोट्या छोट्या फायली ठेवलेल्या असतात. प्रत्येकीच्या नावाआधी आकडा. यंत्र आकड्यांच्या क्रमानं एकेक फाईल उघडतं आणि तिच्यात लिहिलंय तसं करतं. पहिली संपली की दुसरी. दहा नंबरला घड्याळ. या यंत्राच्या पोटात स्वतःचं घड्याळ चालत नाही, दर वेळी उठल्यावर इंटरनेटला वेळ विचारावी लागते. वीसला वजनकाटा, तीसला फॅट मशीन, चाळीसला पावती छापायचा प्रिंटर. आणि सगळ्यात शेवटी, नव्वदला, भिंतीवरचा फळा, म्हणजे मोठा टीव्ही. कुणाचं दूध किती, फॅट किती, ते त्यावर दिसतं.

"फळा शेवटी का रे?" मी विचारलं.

"तो एकदा सुरू झाला की दिवसभर चालतो, मावशी. त्याची फाईल संपतच न्हाय. त्याच्यामागं कोण उभा केला तर त्याची पाळी येणारच न्हाय. फळ्याला बाजूला सारून चालवायचं बघितलं, तर त्याचा उजेडच जातो."

"मग मध्ये दहा-दहाचं अंतर कशाला सोडलंस?"

"उद्या नवीन कुणी आलं तर जागा नको?"

ही जागाच नडली.

सुरू होताना यंत्र टीव्हीवर ओळी दाखवायचं, आणि त्या वरच्या कोपऱ्यात दिवसभर राहायच्या. घड्याळ, ठीक. काटा, ठीक. चेअरमन विजयसिंह आबा एका सकाळी लवकर आले, पाठीमागं हात बांधून ते वाचत राहिले आणि म्हणाले, "श्रीपती, संस्थेचा एवढा मोठा टीव्ही, आन् त्यावर संस्थेच्या माणसाचं एक नाव न्हाय?"

श्रीपती साधा माणूस. दहा नंबरच्या फाईलमध्ये त्यानं घड्याळापुढं त्यांचं नाव घातलं. यंत्र बंद करून चालू केल्यावर टीव्हीवर आलं: "घड्याळ, विजयसिंह आबा, ठीक." आबांनी फोटो काढून घेतला.

दोन दिवसांनी व्हाईस चेअरमन रावजी तात्या आले आणि चहा न घेताच बसले. आमच्याकडं माणूस चहा नको म्हणाला की प्रकरण गंभीर समजायचं. तीन आठवड्यांत अकराही संचालकांना टीव्हीवर नाव हवं झालं. कामं होती पाच. मग श्रीपतीनं पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असे आकडे घालून नव्या फायली केल्या. त्या फायलींना काम काहीच नाही. क्षणभर थांबायचं आणि "ठीक" म्हणायचं. त्यांपैकी एकीतही कधी बिघाड झाला नाही.

मग भांडण आलं क्रमावर. लग्नाच्या पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून आमच्या तालुक्यात सोयरिकी मोडल्या आहेत, तिथं हा तर रोज सकाळी उजळणारा टीव्ही. रावजी तात्यांना फॅट मशीन दिलं होतं, तीस नंबर. ते म्हणाले, "माझ्याआधी पंचवीस नंबरला बिनकामाचा माणूस जातो, ही कुठली पद्धत?" त्यांना फळा दिला, नव्वद. चार दिवस ते आणखीच रागावले, आणि मग एकदम खूश झाले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सभेत मोठा माणूस शेवटी बोलतो. आधी बोलतात ते प्रास्ताविकवाले.

ही गोष्ट आबांच्या कानावर गेली. दहा नंबर म्हणजे आपण प्रास्ताविक!

संचालक मंडळानं रीतसर ठराव केला: चेअरमनसाहेबांचे नाव सर्वांच्या शेवटी, व्हाईस चेअरमन यांच्यानंतर यावे. श्रीपतीनं टोपी काढून सांगून बघितलं.

"आबा, नाव हलवायचं म्हणजे घड्याळ हलवायचं. फळ्याच्या मागं गेलात तर तुमची पाळीच येणार न्हाय."

"माझी पाळी येणार न्हाय? रावजी मला बोलूच देणार न्हाय म्हंतोस?"

"तात्या न्हाय आबा, फळा."

"एकच झालं ते. ठराव झालाय. कर."

श्रीपतीनं दहाचा आकडा खोडून पंच्याण्णव केला. यंत्र चालूच होतं, त्यामुळं चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी वीज गेली आणि सकाळी साडेपाचला आली.

मी सहाला किटली घेऊन गेलो. टीव्ही लखलखत होता, काटा चालू, फॅट मशीन चालू, रांग सरकत होती. चाळीसएक पावत्या फाडून झाल्या, आणि दगडाबाईनं आपली पावती नातीकडून वाचून घेतली.

"काय गं, काय तारीख म्हणालीस?"

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, आज्जे."

"आगं, तवा माझं लगीन बी झालं नव्हतं. मग ही म्हस कुणाची?"

बिचाऱ्या यंत्राला कुणी वेळ सांगितलीच नव्हती. अशा वेळी ते आपल्या जन्माच्या तारखेपासून मोजायला लागतं, आणि त्यांच्या जातकुळीत ती तारीख धरतात एक जानेवारी सत्तर, आपल्याकडची सकाळ साडेपाचची. त्यामुळं पावतीवर वेळ अगदी बरोबर पडत होती. चुकली होती ती फक्त पंचावन्न वर्षं.

श्रीपतीनं पावत्या परत मागितल्या. सगळ्यांनी दिल्या, गेणबानं दिली नाही. घडी करून खिशात ठेवत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. त्या दिवशी माझा बा जिता व्हता."

तेवढ्यात टँकर आला. टँकरबरोबरच्या माणसाच्या हातात दूध संघाचं तपासणीचं मशीन होतं. त्यानं आमच्या प्रिंटरवर छापलेली संस्थेची चिठ्ठी त्यावर धरली, मशीन लाल झालं.

"ह्ये दूध घेता येत न्हाय. पंचावन्न वर्षं जुनं हाय."

"आरं, आत्ता काढलंय," श्रीपती म्हणाला. "कॅनला हात लाव, अजून कोमट हाय."

"मला कळतंय ओ काका. पण मशीनला हात न्हायत. अर्धा तास थांबतो, मग पुढच्या गावाला जातो."

बावीसशे लिटर दूध. ऊन चढत होतं. श्रीपतीनं आबांना फोन लावला. आबा इंदापुरात एका साखरपुड्याला बसले होते.

"आबा, घड्याळ पुन्हा दहाला घेतो. दोन मिनिटांचं काम हाय."

"आरं, मंडळाचा ठराव मी एकटा कसा मोडू? सोमवारी मीटिंग घेऊ."

"सोमवारपर्यंत ह्याचं पनीर हुईल, आबा."

फोन बंद झाला. श्रीपती खुर्चीवर बसला. टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात मगापासून एक ओळ थांबलेली होती: "घड्याळ, विजयसिंह आबा, सुरू झाले नाहीत." रांगेतली माणसं ती एकमेकांना वाचून दाखवत होती आणि तोंडावर हात धरत होती. श्रीपती मात्र हसत नव्हता. ओठ हलत होते. मला तंबूमागचा श्रीपती ओळखू आला. त्यानं कीबोर्ड ओढला, पंच्याण्णवचा दहा केला, यंत्र बंद करून चालू केलं, सगळ्या पावत्या आणि टँकरची चिठ्ठी नव्यानं छापली. मशीन हिरवं झालं. टँकर भरून गेला.

सोमवारी सकाळी दहाला बैठक लागली. विषय एकच: मंडळाचा ठराव कर्मचाऱ्यानं परस्पर मोडला, सबब त्याला कामावरून कमी करणे. या यंत्राऐवजी पुण्याच्या एका कंपनीचा सीलबंद डबा आणायचा असंही ठरत आलं होतं. मी सभासद म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. श्रीपतीला साठी उलटून गेली होती, पण त्याला नोकरी जायची भीती नव्हती. तो येताना मला म्हणाला, "मावशी, नवा माणूस यील त्यो ह्या आकड्यांना हात लावंल. कशामागं काय उभं हाय त्याला कोण सांगणार?"

सचिवांनी आरोप वाचला. आबा म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय?"

श्रीपतीनं पिशवीतून कागद काढला. त्यानं ती दहा नंबरची फाईल पावतीच्या प्रिंटरवर छापून आणली होती. चार बोटं रुंद, आणि लांबी विचारू नका. गुंडाळी सुटून टेबलावरून खाली गेली, दारापर्यंत.

"एवढं मोठं घड्याळ?" रावजी तात्या म्हणाले.

"घड्याळाची ओळ एकच हाय, तात्या. बाकी माझ्या टिपणाच्या. ओळीआधी हॅशची, जाळीसारखी खूण केली की ती ओळ मशीन वाचत न्हाय. माणसासाठी असती. काय बदललं, का बदललं, ते लिहायचं असतं. पोरीनं सांगितलंय."

"वाच मग."

त्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट, जत्रेत हरवलेल्या पोराचं नाव पुकारावं तसा.

"बारा मार्च. चेअरमनसाहेब म्हणाले माझं नाव नाही. घड्याळापुढं घातलं. चौदा मार्च. रावजी तात्यांनी चहा घेतला नाही. फॅट मशीन दिलं. दोन एप्रिल. अकरावे संचालक आले. काम शिल्लक नाही. थांबून ठीक म्हणण्याचं काम दिलं. चांगलं करतात. नऊ मे. तात्या रुसले. तेरा मे. तात्या हसले, कारण कळलं नाही. एकोणीस जून. ठरावाप्रमाणे घड्याळ फळ्यामागं. हे चालणार नाही. मी सांगितलं आहे. चोवीस जून. दूध तापतंय. घड्याळ दहाला घेतलं. जबाबदारी माझी. श्रीपती."

खिडकीबाहेर उभे असलेले सभासद आधी हसले, मग आत वाकून कागद बघायला लागले. अकरावे संचालक तेवढे "चांगलं करतात" ऐकून जरा ताठ बसले होते. आबांनी कागदाचं टोक हातात घेतलं, चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, आता फाडतात.

"ह्या ओळी मशीन वाचत न्हाय म्हंतोस?"

"न्हाय."

"कितीबी लिहिल्या तरी?"

"कितीबी."

"आन् बंद पडल्या, सुरू झाल्या न्हाईत, असं काय टीव्हीवर येत न्हाय?"

"त्या सुरूच होत न्हाईत आबा. नुसत्या असतात."

आबांनी रावजी तात्यांकडं बघितलं. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडं सरळ बघितलं असावं. तात्यांनी घसा साफ केला. "हुद्द्यासकट नाव लिहिता येतं का?"

"येतं."

"वडिलांच्या नावासकट?"

"त्याला काय!"

ठराव बदलला. टीव्हीवरची नावं काढायची आणि प्रत्येक फाईलच्या डोक्यावर, हॅशची खूण करून, सन्माननीय मंडळ सविस्तर लिहायचं. आकडे श्रीपतीचे श्रीपतीनं बघायचे, त्यात मंडळ पडणार नाही. पुण्याच्या डब्याचा विषय कुणी काढलाच नाही. क्रमावरून आणखी दोन तास गेले, पण श्रीपती तेव्हा बाहेर माझ्याशेजारी चहा पीत बसला होता.

लिहायला त्याला तीन दिवस लागले. श्री. व सौ., माजी, कैलासवासी, मार्गदर्शक, सगळे आले. चौसष्ट ओळी झाल्या. पासष्टाव्या ओळीत घड्याळ. चौथ्या दिवशी आबा आणि तात्या दोघं मिळून बघायला आले. श्रीपतीनं यंत्र बंद करून सुरू केलं. घड्याळ, ठीक.

तात्या खुर्चीच्या पाठीला धरून पुढं वाकले.

"आमची नावं ओलांडायला त्याला किती वेळ लागला?"

"काहीच न्हाय, तात्या."

"जरासुद्धा थांबलं न्हाय?"

"न्हाय."

तात्यांचं तोंड उतरलं. आबांनीही मान वळवली. श्रीपतीनं दोघांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कीबोर्ड पुढं ओढला.

"किती सेकंद थांबवू?" तो म्हणाला.